मामाचा काका

परक्या भाषांत सगळं काही असतं, नाती तेवढी भरड असतात. आईचा भाऊ, बापाचा भाऊ, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा आणि शेजारी राहणारा टक्कल पडलेला गृहस्थ, या पाचही जणांना तिथे एकच शब्द पुरतो: अंकल. बोलणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. अडतं ते असले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करणाऱ्याचं. हे काम पंचवीस वर्षं केलेला आपला मामा त्या सोमवारी सकाळी स्टुडिओतल्या लहान खोलीत चहाचा कप घेऊन बसला होता. समोर पडद्यावर एक जुना फोटो आला आणि कप त्याच्या हातातच राहिला.

मामा हे काही त्याचं नाव नव्हे. भाची लहान असताना शाळा सुटली की स्टुडिओत येऊन बसायची आणि भर रेकॉर्डिंगमध्ये ‘मामा, शू लागली’ असं ओरडायची. तेव्हापासून नट, रेकॉर्डिस्ट, दारावरचा वॉचमन, सगळ्यांचा तो मामा झाला. त्यालाही ते आवडायचं. त्याने स्वतः लग्नबिग्न काही केलं नव्हतं, आणि एखाद्याला आयुष्यात एकच पद मिळालं की तो ते छातीवर लावून हिंडतो.

पडद्यावरच्या फोटोत दोन मुलगे होते. दोघांच्या अंगात एकाच लोकरीचे, एकाच नक्षीचे स्वेटर. पडद्यावरचा कप्तान फोटोवर बोट ठेवून सांगत होता की हा मी, आणि हा तुझा बाप, आणि हे स्वेटर आमच्या आईने विणलेले.

“मेलो,” मामा म्हणाला.

काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टने चित्र थांबवलं. आधी त्याने फोटोकडे पाहिलं, मग मामाकडे, आणि मग तो इतका हसला की त्याला चष्मा काढून ठेवावा लागला. “अहो मामा, तुमचा मामा तर काका निघाला!”

प्रकरण असं होतं. अकरा वर्षांपूर्वी या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा त्याचं भाषांतर मामानेच केलं होतं. अंतराळात तरंगणारी एक वसाहत, तिथे एक पोरकी मुलगी, आणि तिला सांभाळणारा तिचा अंकल, म्हणजे हा कप्तान. शेवटी वसाहतीला आग लागते, एकच बचावयान उरतं, कप्तान मुलीला त्यात बसवतो आणि स्वतः मागे राहतो. तो आईचा भाऊ की बापाचा, हे अख्ख्या सिनेमात कुणी सांगत नाही. मामाने बेधडक ‘मामा’ लिहिलं. रेकॉर्डिस्टने तेव्हाच त्याला हटकलं होतं. ‘अंकल’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, ‘काका’ म्हणतानाही मिटत नाहीत, ‘मामा’ म्हणताना दोनदा मिटतात. पडद्यावरची मुलगी तोंड उघडं ठेवून मामा म्हणतेय, हे बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मामाने ऐकलं नाही. पोरक्या मुलीला जिवापाड सांभाळतो तो मामाच असणार, यात विचारण्यासारखं काय आहे, असं म्हणून त्याने विषय संपवला होता. सिनेमा धो धो चालला. पोरंटोरं महिनोन्‌महिने अंगणात ‘मामा, तू पण चल ना!’ ओरडत खेळत होती.

आणि आता दुसऱ्या भागात ते स्वेटर.

मामाने सिनेमा कंपनीतल्या बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “पहिल्या भागात मामा होता ना? मग मामाच ठेवा. लोकांना तेच माहीत आहे. बाकीचं तुम्ही बसवा कुठेतरी, तुम्हाला काय सांगायचं?” मामाला हायसं वाटलं. चूक निस्तरायची नाही, झाकायची आहे, हे ऐकून माणसाला जसं वाटतं तसं.

तो दोन वाजता घरी आला तेव्हा ताई आणि भाची जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होत्या. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, दवाखान्यात नर्स. सकाळची पाळी करून नुकतीच आली होती. भाचीला घरात शंका म्हणायचे, कारण बोलायला लागल्यापासून तिने शंका काढण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं. आता ती एकवीस वर्षांची होती आणि शंका काढणं हा तिने जोडधंदाच करून टाकला होता. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी इंटरनेटवर एक कार्यक्रम करायच्या. सिनेमा पाहायचा आणि त्याच्या गोष्टीतली भोकं मोजायची. ताईला ‘भोकं’ हा शब्द आवडत नसे. चारचौघांत सांगायला बरा नाही, असं तिचं म्हणणं. पण कार्यक्रम हजारो लोक बघत, त्यामुळे तीही गुपचूप बघायची.

“मामा, तुझ्या सिनेमाची जाहिरात पाहिली,” शंका म्हणाली. “जाहिरातीतच तीन भोकं. पहिल्या भागात कप्तानाचा डावा हात यंत्रात सापडून गेला होता. इथे तो दोन्ही हातांनी दार ढकलतोय.”

“नवा बसवला असेल,” मामा म्हणाला.

“असेल म्हणजे? ते सिनेमाने सांगायला नको? प्रेक्षकाने स्वतःच्या पदरचं ठिगळ का लावायचं?” तिने एक शेंग फोडली. “दुसरं. आगीत सापडलेला माणूस दहा वर्षांनी परत येतो आणि बदल काय, तर नुसती दाढी वाढलीय. आणि तिसरं, यानाला जायला पहिल्या भागात तीन वर्षं लागली, आता संध्याकाळी निघून सकाळी पोचतायत. रस्ता सुधारला वाटतं.”

ताई हसली. मामाही हसला, पण त्याला ते स्वेटर दिसत होते. हिला अजून चौथं भोक माहीत नव्हतं, आणि ते परदेशी लेखकाने पाडलेलं नव्हतं. ते घरचंच होतं.

“भोक दिसलं की दोनच शक्यता असतात,” शंका म्हणाली. “लेखक विसरलाय, नाहीतर लेखक लपवतोय. आता हे ऐक. हे तर सिनेमापेक्षा भारी आहे.” तिने ओल्या हाताने फोन जवळ ओढला. “कार्यक्रमाखाली आडनाव वाचून एकाने मला लिहिलंय. ‘मी तुझा काका. तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ. तू खूप लहान होतीस. तुझ्या वाढदिवसाला मी दर वर्षी सकाळी घरी फोन करत असे, सहा वर्षं केला. आता जहाजावरची नोकरी संपली. या शनिवारी तुमच्या गावात आहे. तासभर भेटशील का?’”

मटारच्या शेंगा फुटायच्या थांबल्या.

“भाऊजी?” ताई म्हणाली. मग तिचा चेहरा आखडला. “सख्खा भाऊ गेला तेव्हा आले नाहीत. चार ओळींचं पत्र नाही. आता नोकरी संपली, तेव्हा पुतणी आठवली.”

“थांब आई, तुझा राग बाजूला ठेव. मी नुसती गोष्ट तपासतेय.” शंकाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “फोन केला म्हणतात. तर तो उचलणार कोण? तू सकाळी दवाखान्यात. फोन मामाच्या लिहायच्या टेबलावर. म्हणजे मामा उचलणार. मामाने उचलला असता तर मला सांगितलं असतं. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे फोन आलेच नाहीत. म्हणजे हा माणूस खोटं बोलतोय. आणि जो पहिल्याच पत्रात खोटं बोलतो त्याला मी कशाला भेटू? शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलंय. नाही म्हणून कळवणार.” ती मामाकडे वळली. “बरोबर ना?”

मामाने एक मटार जमिनीवर पाडला आणि तो शोधायला टेबलाखाली वाकला. तिथून तो म्हणाला, “इतकी वर्षं झाली गं.”

“म्हणजे नाहीच आले,” शंका म्हणाली आणि तिने पुढची शेंग घेतली.

टेबलाखाली वाकलेल्या मामाला वर यायला बराच वेळ लागला. फोन आले होते. सहा आले होते. पहिला आला तेव्हा शंका पाच वर्षांची होत होती. वडील जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर रोज ती झोपताना विचारायची, बाबा कधी येणार, आणि नुकतंच तिने विचारणं थांबवलं होतं. मामाने फोनवर सांगितलं, ती झोपलीय. पहिल्या वर्षी त्याच्यापाशी कारण होतं. दुसऱ्या वर्षी निमित्त होतं. पुढे पुढे तर भाचीचा वाढदिवस जवळ आला की फोनकडे पाहताना त्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलायचा. सहाव्या वर्षी पलीकडचा माणूस म्हणाला होता, वहिनींना विचारून सांगाल का, मी भेटायला आलो तर चालेल का. मामा म्हणाला होता, विचारतो. त्याने विचारलं नाही. त्याच वर्षी त्यांनी घर बदललं, नंबर बदलला, आणि नवा नंबर त्याने त्या एका माणसाला कळवला नाही. त्याच वर्षी त्याने पहिल्या भागाचं भाषांतर केलं होतं आणि ओठ मिटतात की नाही याची पर्वा न करता ‘मामा’ लिहिलं होतं.

आता त्याने काही करायची गरजच नव्हती. गप्प बसणं एवढंच काम होतं. पोरीने आपणहून, स्वतःच्या हुशारीने, त्याच्या बाजूने निकाल दिला होता. तो निकाल तिने कशाच्या जोरावर दिला होता, हेच त्याला सलत होतं. मामाने मला सांगितलं असतं, या एका वाक्यावर तिचा सगळा हिशेब उभा होता.

मंगळवार, बुधवार मामा सिनेमाला ठिगळं लावत बसला. त्याच्या धंद्यात एक सोय असते. माणूस समोर तोंड करून बोलत असेल तर ओठांच्या मापात बोलावं लागतं, पण तो पाठमोरा असला की त्याच्या तोंडी काय वाटेल ते घालता येतं. मामाने सगळ्या पाठमोऱ्या जागा हेरल्या. फोटोनंतर कप्तान खिडकीपाशी जाऊन बारा सेकंद गप्प उभा राहतो आणि मागे नुसतं संगीत वाजतं. त्या बारा सेकंदांत मामाने एक अख्खं कुटुंब वसवलं: ‘तुझ्या आजीने मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला पदरात घेतलं. तुझा बाप आणि मी एका घरात वाढलो. माझी ती बहीण पुढे तुझी आई झाली.’

“म्हणजे आजीने पोरगी आधी लेक म्हणून आणली आणि मग सून करून घेतली?” रेकॉर्डिस्टने विचारलं. “एका घरात वाढलेल्या पोरांचं लग्न? हे चालतं का त्या ग्रहावर?”

“चालतं,” मामा म्हणाला.

“आणि शेवटी कप्तान उघडतो ते दार? ते तर बापाच्या रक्ताच्या माणसालाच उघडतं. सिनेमाचा सगळा जीव त्या दारात आहे.”

“रक्ताला नाही उघडत. त्या घरात वाढलेल्या हाताला उघडतं. तिथे दाराकडे तोंड आहे त्याचं. एक वाक्य घालतो.”

“घाला,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “पाठमोरा माणूस काय, वाटेल ते बोलतो.”

तो ते सहज बोलून गेला आणि आपल्या तारा जुळवायला लागला. मामाने कागदावर मान घातली.

गुरुवारी सकाळी कप्तानाचा आवाज देणारा नट आला. पहिल्या भागातही तोच होता. सत्तरीला आलेला, घसा सांभाळायला गळ्याभोवती सदा रुमाल गुंडाळलेला. त्याने बारा सेकंदांचं ते पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “मामा, इथे हा खोटं बोलतोय का?”

“का?”

“तसं असेल तर आवाज जरा वेगळा लावतो. खोटं बोलणारा माणूस शब्द नीट उच्चारतो. खरं बोलणारा गिळतो.”

“नाही,” मामा म्हणाला. “खरंच बोलतोय.”

नटाने ते असं म्हटलं की रेकॉर्डिस्टनेसुद्धा मान डोलावली. माया होती, थकवा होता, मधेच एक शब्द गिळलेला होता. नट रुमाल सारखा करत निघून गेला. मुलीचा आवाज आदल्या दिवशीच भरून झाला होता. रेकॉर्डिस्टने दोन्ही जोडले आणि प्रसंग सुरुवातीपासून लावला.

फोटो आला. कप्तान खिडकीपाशी गेला. बारा सेकंदांत त्याने आपल्याला कुणी पदरात घेतलं ते सांगितलं. ठिगळाची शिवण कुठे दिसत नव्हती. मामा खुर्चीत मागे टेकला.

मग कप्तान वळला, आणि पहिल्या भागातली ती पोरकी मुलगी, आता मोठी होऊन वैमानिक झालेली, त्याच्या जवळ आली. या जागी संवाद नव्हता, म्हणून मामाने ती इतके दिवस नीट पाहिलीच नव्हती. जिथे कुणी बोलत नाही तिथे भाषांतरकाराला काम नसतं. मुलीने कप्तानाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या भुवईवरून तिने अंगठा फिरवला. मग नाकावरून, मग हनुवटीवरून. तिने त्याला थोडं उजेडाकडे वळवलं, पुन्हा पाहिलं, आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

“एक कळलं नाही,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच पडलेला प्रश्न होता. “मामाच्या तोंडावर ही काय शोधतेय? मामात बाप कसा सापडेल?”



“नाही, तुमचं वाक्य झकास बसलंय. पण ही पोरगी मग कशासाठी रडतेय? तिला काही मिळालेलंच नाही ना, आपल्यात.”

“पुन्हा लावा,” मामा म्हणाला.

रेकॉर्डिस्टने पुन्हा लावलं. मामाने ते चार वेळा पाहिलं. त्याला त्या मुलीची लाज वाटली. तिला इतक्या वर्षांनी बापाचं नाक दिसलं होतं, आणि याने मधे उभं राहून तिला सांगितलं होतं की ते कुणाचंच नाही. तोंडात वाटेल ते शब्द घालता येतात, पण तिचे हात काय शोधतायत ते बदलता येत नव्हतं.

“पुसून टाका सगळं,” तो म्हणाला. “काका करा. पहिल्यापासून शेवटपर्यंत काका.”

“ओठही बसतील,” रेकॉर्डिस्ट म्हणाला, आणि मामाचा चेहरा पाहून यंत्राकडे वळला.

मामाने कंपनीतल्या बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, लोक हसतील. मामा म्हणाला, हसू द्या, सुरुवातीला एक पाटी टाका, की पहिल्या भागात मामा म्हटलं ती भाषांतरकाराची चूक. बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तुमचं नाव घालायचं का. घाला, मामा म्हणाला.

स्टुडिओतून घर चालत वीस मिनिटांवर. मामाला त्या दिवशी चाळीस लागली. औषधांचं दुकान, चाव्या करून देणाऱ्याची टपरी, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस, सगळ्यांसमोर तो थोडा थोडा थांबला. शब्दांवर पोट भरणारा माणूस, पण पहिलं वाक्य काही त्याला सुचेना. शेवटी काहीच न ठरवता त्याने दार उघडलं.

ताई वाळलेले कपडे घडी करत होती. शंका खुर्चीत पाय वर घेऊन, फोनवर टाइप करत बसली होती.

“काकांना लिहितेयस?” मामाने विचारलं.

“हो. नाही म्हणूनच लिहितेय, पण सभ्य भाषेत.”

“पाठवू नकोस,” मामा म्हणाला. “फोन आले होते.”

शंकाने मान वर केली.

“सहा आले. मीच उचलले. ते खोटं बोलत नाहीयेत. मी खोटं बोललो.”

ताईच्या हातात एक उशीचा अभ्रा होता, तो तसाच राहिला. मामाला वाटलं होतं पोरगी चिडेल, ओरडेल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. तिने फोन मांडीवर ठेवला आणि सिनेमाबद्दल विचारावं तसं विचारायला लागली.

“पहिला कधी?”

“तुझ्या पाचव्या वाढदिवसाला. सकाळी.”

“मी कुठे होते?”

“माझ्या मांडीवर.”

“झोपले होते?”

“नाही. चित्र काढत होतीस.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“झोपलीय म्हणालो.”

“सहाही वेळा?”

“एकदा शाळेत गेलीय म्हणालो.” मामा अजून दाराशीच उभा होता. “त्या दिवशी रविवार होता. त्यांच्या लक्षात आलं असणार. काही बोलले नाहीत. म्हणाले, बरं, तिला आशीर्वाद सांगा.”

“सांगितलेस?”

“नाही.”

शंकाने खिडकीबाहेर पाहिलं. ताई आता उठून उभी राहिली होती. “मला का नाही सांगितलंस?” तिने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता, दवाखान्यात पेशंटशी बोलताना असतो तसा. मामाने तेही सांगितलं. वहिनींना विचारा म्हणाले होते, मी आलो तर चालेल का. मी विचारतो म्हणालो. मग आपण घर बदललं.

“सतरा वर्षं,” ताई म्हणाली, “सतरा वर्षं मी त्या माणसाला दगड समजत आले. तुझ्यासमोर त्याला बोल लावत आले. आणि तू ऐकून घेत होतास.”

“हो.”

“का पण?” हे शंकाने विचारलं.

“तुझं बाबा-बाबा विचारणं नुकतं थांबलं होतं. मला वाटलं पुन्हा सुरू होईल. हे पहिल्या वर्षीचं. नंतर मला भीती वाटायला लागली. मी तुझा मामा, माझं तुझ्याशी नातं आईकडून. ते आले की बाबांकडचं सगळं येणार. मग मी कोण? घरात जागा अडवून बसलेला एक माणूस.” तो थांबला. मग जे त्याने आजवर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघालं. “आणि तो आवाज. मी फोन उचलला, पलीकडून ‘हॅलो’ आलं. तुझे बाबाच बोलतायत असं वाटलं. हुबेहूब. तू मांडीवर होतीस, रिसीव्हर मी कानाशी दाबून धरला, तुला ऐकू जाऊ नये म्हणून.”

शंकाने मांडीवरचा फोन टेबलावर ठेवला.

“मला बाबांचा आवाज आठवत नाही,” ती म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नाही. एखादी माहिती द्यावी तसं म्हटलं. “चेहरा फोटोत आहे. चालायचे कसे ते थोडं आठवतं. आवाज नाही. खूप प्रयत्न केला. आईने सांगितलं, जाड होता. जाड म्हणजे काय, काही कळत नाही.”

मामा मटकन खुर्चीत बसला. पंचवीस वर्षं त्याने आवाजांत काढली होती. कुणाच्या तोंडी कुठला आवाज शोभेल हे तो डोळे मिटून सांगायचा. आपल्या मांडीवरच्या पोरीला कुठला आवाज हवा असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिला आठवण येईल म्हणून त्याने लपवलं होतं, आणि लपवल्यामुळे आठवणच उरली नव्हती.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

शंकाने फोन उचलला, अर्धवट लिहिलेलं पत्र पुसलं, काकांच्या पत्रात खाली दिलेला नंबर शोधला आणि दाबला. मग तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. घंटा वाजायला लागली. तीन वेळा वाजली.

“हॅलो?”

ताईच्या हातातला अभ्रा खाली पडला. ती भिंतीला टेकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामाने तिच्याकडे पाहिलं नाही, त्याला पाहवलं नाही. तो उठला आणि दाराकडे गेला. पण बाहेर त्याला जाता येईना.

“हॅलो? कोण बोलतंय?”

शंका टेबलावर वाकली. फोनपासून वीतभर अंतरावर कान नेऊन ती ऐकत होती आणि काही बोलत नव्हती. पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग त्याने तिला नावाने हाक मारली, या घरात कुणीच वापरत नाही त्या तिच्या खऱ्या नावाने, प्रश्न विचारल्यासारखी.

“हो,” शंका म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. “मीच. तुम्ही बोला ना.”

“काय बोलू?” तो आवाज गोंधळला होता, हसत होता. “अगं, काय बोलू मी एकदम?”

“काहीही,” ती म्हणाली. “थांबू नका फक्त. बोलत राहा.”

आणि तो बोलायला लागला. आत्ता कुठे उभा आहे, समोर कसलं दुकान आहे, ऊन किती आहे, असलंच काहीतरी. मामा दारात उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.